इंग्रजीवाले काका

इंग्रजीवाले काका बहुधा तळमजल्यावर राहतात आणि दार उघडं ठेवतात. कधीकाळी ते सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर' लिहिल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. निवृत्तीनंतर पत्रं थांबली, रेफरन्स उरला. तो आता सोसायटीतल्या पोरांच्या वाट्याला येतो. राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, तेव्हापासून तर काकांकडे दात पडलेली गिऱ्हाइकंही येऊ लागली.

पोरांना गृहपाठ आठवतो रात्री नऊला. आई म्हणते, "काकांना विचारून ये, दोन मिनिटांचं काम आहे." या माउलीने काकांना फक्त जिन्यात पाहिलेलं असतं.

प्रश्न साधा असतो. 'तो इतका दमला की त्याला चालवेना' अशा अर्थाच्या वाक्यातला 'टू' काढून 'सो दॅट' घालायचा. पण काका थेट उत्तर देणं पाप समजतात. "आधी कर्ता सांग. आता क्रियापद. काळ कुठला?" मग कपाटातून रेन अँड मार्टिनचं व्याकरण निघतं, पुठ्ठा बदलून बदलून मूळचा कुठला ते कळेनासं झालेलं. साडेनऊला पोराची अवस्था वाक्यातल्या माणसासारखी होते.

यातल्या रेनसाहेबाने 1924 साली फ्रेंच फॉरेन लीजनवर 'बो जेस्ट' नावाची साहसकादंबरी लिहिली, असं मी एकदा काकांना सांगून पाहिलं. "तो दुसरा रेन असेल," ते म्हणाले. पॅसिव्ह व्हॉइस शिकवणारा माणूस वाळवंटात गोळीबार घडवून आणील, हे त्यांना मुळीच पटेना.

निबंधाच्या बाबतीत काकांचा दंडक कडक. मुद्दे काढल्याशिवाय पेन उचलायचं नाही. मुद्दे चारच: प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप. मोबाइल असो, पावसाळा असो, आराखडा हाच. 'माय मदर' आला तेव्हा पोरगा तिसऱ्या मुद्द्यापाशी अडला. "लिही की प्रामाणिकपणे," काका म्हणाले, "तोटे कुणाला नसतात?" पोराने मन लावून दीड पान लिहिलं. वहीवर पालकांची सही लागते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

कविता मात्र काकांचा दुखरा भाग. दहावीच्या कुमारभारतीत पहिलीच कविता टागोरांची, 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर'. रसग्रहणात कवी, विषय, अलंकार आणि यमकरचना लिहायची. काका यमक शोधू लागले. ओळींची शेवटची अक्षरं बोटाने तपासली, चष्मा पुसला, छापखान्यावर संशय घेतला. मुळात 1912 ची इंग्रजी गीतांजली ही टागोरांनी स्वतः बंगालीवरून केलेली गद्य रूपांतरं. त्यात यमक सापडायचं कुठून?

आणि तेवढ्यात काका ताडकन उठले. "अरे, ही सगळी कविता म्हणजे एकच वाक्य आहे!" 'व्हेअर'ने सुरू होणारी उपवाक्यं एकामागून एक आणि मुख्य वाक्य थेट शेवटच्या ओळीत. काकांनी क्लॉज ॲनॅलिसिसचा तक्ता आखला. "नोबेल उगाच नाही दिलं रे बाळा! इतकी उपवाक्यं सांभाळून मुख्य क्रियापद शेवटपर्यंत राखून ठेवायचं, आमच्या खात्यात एकालाही जमलं नाही."

हसू नका. त्या कवितेतली ओढ खरोखरच तिथे आहे. देशासाठीचं मागणं शेवटपर्यंत लांबवलंय म्हणूनच ते इतक्या जोराने येतं. गाइडमध्ये 'कवीचे देशप्रेम दिसते' एवढंच असतं. व्याकरणाच्या मागच्या दाराने का होईना, काका कवितेत शिरले होते आणि पोरगाही त्यांच्यामागून आत गेला होता.

तेव्हा मुलाला काकांकडे जरूर पाठवा. फक्त जेवायला घालून पाठवा, आणि निबंधाचा विषय आधी बघून घ्या.