सत्तेचे विकेंद्रीकरण (चावी वगळून)

सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे वरच्या सरकारने आपली कामे खालच्या सरकारकडे सोपवणे. कामांमागोमाग पैसाही जावा, असे राज्यशास्त्राच्या पुस्तकांत असते. प्रत्यक्षात तो भाग ऐच्छिक आहे.

1 जून 1993 रोजी 74वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय आले. ते महापालिकांना द्यायचे की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर राहिले. राज्यांनी स्मशाने उदारपणे दिली, नगरनियोजन बहुधा जवळ ठेवले. नगरनियोजनाने जमिनीचे भाव ठरतात. स्मशानात ती सोय नाही.

या व्यवस्थेच्या अभ्यासाला छत्तीसगडमधल्या भिलाईचे स्मृती नगर सोयीचे आहे. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधील सेक्टरांची नागरी सेवा भिलाई स्टील प्लांट (बीएसपी) पाहते, म्हणजे केंद्राच्या मालकीची कंपनीच तिथे नगरपालिका होते. स्मृती नगर टाउनशिपबाहेर, निगमच्या म्हणजे महापालिकेच्या पदरी. तिथे नाली तुंबली की रहिवासी पार्षदाला (नगरसेवकाला) गाठतो, पार्षद झोन कार्यालयाला, झोन आयुक्तांना आणि आयुक्त राजधानी रायपूरला. आयुक्तांची नेमणूक राज्य करते. त्यांचे वर पाहणे हा स्वभावदोष नव्हे, सेवाशर्त आहे.

महापौराचे तसे नाही, तो निवडून येतो. कसा, एवढेच रायपूर ठरवते. 2019 मध्ये छत्तीसगड सरकारने थेट निवडणूक काढून ती निवड पार्षदांवर सोपवली. सरकार बदलल्यावर 2024च्या अखेरीस थेट निवडणूक परत आणली. दोन्ही वेळा लोकशाही बळकट झाली.

आता पैसा. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतला 41 टक्के वाटा राज्यांना दिला. उपकर आणि अधिभार त्या निधीत मोजले जात नाहीत, त्यामुळे केंद्राचा त्यांच्यावर विशेष जीव. राज्याच्या उत्पन्नातून शहरांना किती द्यावे, हे सुचवायला राज्यांनी दर पाच वर्षांनी स्वतःचा वित्त आयोग नेमायचा असतो. तो नेमणार नाहीत त्यांचे स्थानिक संस्थांचे अनुदान मार्च 2024नंतर थांबवावे, असे पंधराव्या आयोगाला सांगावे लागले. घटना पाळण्यासाठी अनुदानाचे आमिष लागते, हे त्यातून सिद्ध झाले; शिवाय चूक राज्याची आणि उपास महापालिकेला, हेही.

दुर्ग-भिलाई हा दशलक्षी नागरी समूह. अशा समूहांसाठी पंधराव्या आयोगाच्या शिफारशीने 2021 ते 2026 या काळात 38,196 कोटी रुपयांचा चॅलेंज फंड ठरला: एक तृतीयांश हवेसाठी, बाकी पाणी, स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, तेही कामगिरी दाखवल्यावर. हवा आधी सुधारायची, मग ती सुधारायला पैसे. भिलाईत यातली श्रमविभागणी सुबक आहे: कारखान्याची धुराडी केंद्राच्या कंपनीची, हवेची परीक्षा निगमची.

राहता राहिला संपत्ती कर, निगमच्या हक्काचा. त्याचे किमान दर राज्याने अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीच्या वेगाने वाढावी, ही अट दिल्लीच्या पंधराव्या वित्त आयोगाची होती. थकबाकीची नोटीस स्मृती नगरच्या दारात नेऊन देण्याचे काम मात्र संपूर्णपणे विकेंद्रित झाले आहे.