सिस्टर सांगते, काका ऐकतात

ठाण्यातल्या कोलशेत रस्त्यावर पूर्वी रसायनांचे कारखाने होते. आता टॉवर आहेत आणि औषधांचा कारभार सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे गेला आहे. डिस्चार्जच्या वेळी सिस्टर कागदावर सूर्य-चंद्र काढून समजावते, "काका, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने." काका मान डोलावतात. घरी गोळी चहाबरोबरच जाते. नुसतं पाणी काय, कुणीही पितं. डायबेटिसची मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायची, म्हणून संकष्टीला गोळीलाही उपास. साबुदाण्याची खिचडी मात्र वाडगाभर. बीपी नॉर्मल आलं की त्याची गोळी बंद. नॉर्मल कशामुळे आलं, हे सिस्टरने विचारायचं नसतं.

अँटिबायोटिकच्या पाकिटावरची उभी लाल रेघ ओळखा, चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं सरकार २०१६ पासून सांगतंय. आपल्याकडे कोर्स अर्धा सोडून उरलेल्या गोळ्या डब्यात जपतात, शेजारच्या वहिनींचा घसा धरला की द्यायला. वहिनी त्यावर सर्दीची गोळी आणि क्रोसिनही घेतात. दोन्हीत पॅरासिटामॉलच आहे, असं सिस्टरने सांगितलं तर उत्तर तयार: "पण रंग वेगळाय ना!"