सप्टेंबर आला की धरपकड

१४ सप्टेंबर २०१३ रोजी बीजिंगच्या विमानतळावर त्साओ शुनली यांना अडवलं आणि तिथूनच त्यांना कोठडीत नेलं. १४ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीच्या विमानतळावर श्रीनगरच्या खुर्रम परवेज यांना विमानात चढू दिलं नाही. १० सप्टेंबर २०१७ रोजी कैरोच्या विमानतळावरून इब्राहिम मेतवल्ली या वकिलाला उचललं. तीन देश, तीन वेगळ्या राजवटी. पण तिघांनाही जायचं होतं जिनिव्हाला. सप्टेंबरात तिथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेचं सत्र भरतं, तज्ज्ञांचे गट बसतात, माणसं आपापल्या देशातली गाऱ्हाणी मांडतात. सरकारांना नेमकं तेच खुपतं.

मेतवल्लींचं गाऱ्हाणं कुठल्याही बापाला कळेल असं होतं. त्यांचा मुलगा अम्र २०१३ साली नाहीसा झाला. मुलाला शोधता शोधता ते इजिप्तमधल्या इतर बेपत्ता माणसांच्या घरच्यांना एकत्र आणू लागले. माणसं गायब होण्याच्या प्रकरणांची दखल घेणारा संयुक्त राष्ट्रांचा एक कार्यगट आहे, त्याच्यासमोर बोलायला ते निघाले होते. 'माझा मुलगा कुठे आहे' हे विचारायला निघालेल्या माणसावर परकीय शक्तींशी संगनमत केल्याचा आणि खोट्या बातम्या पसरवल्याचा आरोप ठेवला गेला. पुढे कोर्टाने सुटकेचा आदेश दिला, तर त्यांना नव्या गुन्ह्यात अडकवलं. इजिप्त त्या वर्षी याच मानवी हक्क परिषदेचा सदस्य होता!

आणि चीन? त्साओ शुनली कोठडीत असतानाच, नोव्हेंबर २०१३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने चीनला परिषदेवर निवडून दिलं.

या बाईंबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या, सरकारी नोकरी केलेल्या आणि खात्यातला भ्रष्टाचार उघड केल्यावर ती नोकरी गमावलेल्या त्साओ. परिषदेत दर काही वर्षांनी प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीचा आढावा होतो आणि त्यासाठी सरकार आपला अहवाल पाठवतं. हा अहवाल लिहिताना नागरिकांशी चर्चा करावी, ही संयुक्त राष्ट्रांचीच अपेक्षा आहे. त्साओंनी एवढंच म्हटलं की मग आम्हाला बोलवा. परराष्ट्र खात्याकडे त्यांनी माहिती मागितली, तर हे राज्याचं गुपित आहे असं उत्तर आलं. नागरिकांच्या हक्कांवरचा अहवाल नागरिकांपासूनच गुपित! २०१३ च्या उन्हाळ्यात इतर तक्रारदारांना घेऊन त्या बीजिंगमध्ये परराष्ट्र खात्याच्या दारासमोर ठिय्या देऊन बसल्या. पोलिसांनी हुसकावलं की परत येऊन बसायच्या. सप्टेंबरात जिनिव्हाला प्रशिक्षणासाठी निघाल्या आणि विमानतळावरच पकडल्या गेल्या. आरोप ठेवला भांडणं उकरून काढून गोंधळ माजवल्याचा.

कोठडीत तब्येत ढासळत गेली. क्षय होता, यकृताचा आजार होता. उपचारासाठी सोडा, अशी विनवणी घरचे आणि वकील करत राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये, अगदी हाताबाहेर गेल्यावर, त्यांना दवाखान्यात हलवलं. १४ मार्चला त्या गेल्या.

सहा दिवसांनी जिनिव्हात परिषदेसमोर चीनचा आढावा मंजुरीला आला. एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधीने स्वतःला मिळालेल्या वेळात त्साओंसाठी स्तब्धता पाळायचं ठरवलं. चीनने तत्काळ हरकत घेतली: ही वेळ बोलण्यासाठी दिली आहे, गप्प बसण्यासाठी नाही. तासाभराहून अधिक काळ त्यावर वाद झाला आणि प्रकरण मतदानाला गेलं. स्तब्धतेच्या बाजूने १३ मतं, विरोधात २०, तटस्थ १२. परिषदेच्या दारात यायला निघाली म्हणून जिचा जीव गेला, तिच्यासाठी मिनिटभर उभं राहायलाही परिषदेने बहुमताने नकार दिला. हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातल्या लाजिरवाण्या दिवसांत धरला पाहिजे.

चीनबद्दल, इजिप्तबद्दल लिहिणं सोपं असतं. आता घरी येतो.

खुर्रम परवेज जम्मू-काश्मीरमध्ये बेपत्ता माणसांची, निनावी कबरींची, कोठडीतल्या छळाची नोंद ठेवणाऱ्या संघटनेत काम करत. दिल्लीच्या विमानतळावरून परत पाठवल्यावर आठवडाभरातच त्यांना जनसुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केलं. सुमारे अडीच महिन्यांनी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द केली आणि अधिकाऱ्यांनी अधिकाराचा गैरवापर केल्याचं म्हटलं. म्हणजे आपल्याच न्यायालयाने सांगितलं की हे चुकलं. त्याची शिक्षा कोणाला झाल्याचं ऐकलंय? नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने (एनआयए) त्यांना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली पुन्हा अटक केली. दहशतवादाला पैसा पुरवल्यापर्यंतचे आरोप आहेत. आरोप गंभीर आहेत, आणि म्हणूनच ते भर न्यायालयात लवकरात लवकर तपासले जायला हवेत. इथे मात्र वर्षं तुरुंगातच सरताहेत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी चिंता व्यक्त केली की परराष्ट्र मंत्रालयाचं उत्तर येतं, सगळं कायद्याप्रमाणे चाललंय. २०१६ मध्येही कायद्याप्रमाणेच चाललं होतं, उच्च न्यायालयाने कागद तपासेपर्यंत.

दुसरं उदाहरण मदुराईचं. हेन्री टिफेन यांची संस्था पोलीस छळाच्या तक्रारी नोंदवते, पीडितांना वकील मिळवून देते. २०१६ मध्ये परकीय देणगी नियमन कायद्याखालच्या तिच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं. संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तिथे गृह मंत्रालयाने प्रतिज्ञापत्रात कारण देऊन टाकलं: या संस्थेने परदेशी पैशाच्या आधारे संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना आणि परदेशी वकिलातींना माहिती पुरवली आणि मानवी हक्कांच्या बाबतीत भारताचं चित्र वाईट रंगवलं. माहिती खोटी होती म्हणून नाही, तर ती बाहेर दिली म्हणून. हे विशेष प्रतिवेदक कोणी हेर नसतात. भारत ज्या परिषदेवर निवडून जातो, तीच परिषद त्यांना नेमते. आपल्याकडचे आनंद ग्रोव्हर आरोग्याच्या हक्काविषयीचे विशेष प्रतिवेदक होते. तेव्हा आपण अभिमान बाळगला. मग त्याच पदावरच्या माणसाला भारतीय नागरिकाने पत्र लिहिलं तर तो गुन्हा कसा? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचंही मत होतं की परवाना नाकारणं प्रथमदर्शनी कायदेशीर नाही आणि वस्तुनिष्ठही नाही.

कोणी म्हणेल, घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला न्यायची? पहिली गोष्ट, या माणसांनी आधी घरातलीच दारं ठोठावली. त्साओ तर दारातच बसल्या होत्या. दुसरी गोष्ट, देश म्हणजे घर आणि सरकार म्हणजे घरातला कर्ता पुरुष, बाकीच्यांनी तोंड शिवून बसायचं, ही कल्पनाच मोडीत काढायला हवी. सरकारकडे जिनिव्हात राजदूत असतो, माईक असतो, उत्तर द्यायला वेळ राखून ठेवलेला असतो. मदुराईची संस्था खोटं बोलत असेल तर त्याच सभागृहात आकडे मांडून तिचं म्हणणं खोडून काढा. बोलणाऱ्याची वाट अडवायची गरज पडते, ती खोडायला काही हातात नसतं तेव्हाच.

'अंतर्गत बाब' या सबबीबद्दल तर भारताने बोलूच नये. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरच्या अन्यायाचा प्रश्न आपणच संयुक्त राष्ट्रांत नेला. आमसभेत विजयालक्ष्मी पंडित उभ्या राहिल्या. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं होतं की ही आमची अंतर्गत बाब आहे. आमसभेने ते मानलं नाही, ठराव भारताच्या बाजूने झाला. स्वातंत्र्य मिळायच्या आधीच आपण जगाला शिकवलं होतं की माणसाचा अपमान ही कुठल्याही सरकारची खासगी मालमत्ता नाही.

त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. भारतातले अस्पृश्यही तसंच काही करण्याच्या विचारात आहेत, त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळवून द्या, अशी त्यांची विनंती होती. जुलैअखेर डू बॉइस यांचं आपुलकीचं उत्तर आलं. पुढे १९४७ मध्ये डू बॉइस यांनी स्वतः तयार केलेलं निवेदन संयुक्त राष्ट्रांत दिलं. १९५१ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, अमेरिकन सरकारने त्यांना परकीय हस्तक म्हणून नोंदणी न केल्याच्या आरोपाखाली हातकड्या घालून कोर्टात उभं केलं. खटला टिकला नाही, ते निर्दोष सुटले. तरी पुढची कैक वर्षं, १९५८ पर्यंत, त्यांना पासपोर्ट दिला नाही. स्वतःला लोकशाहीचं माहेरघर म्हणवणाऱ्या देशाने हे केलं. परकीय हस्तकाचा शिक्का, अडवलेला पासपोर्ट ही हत्यारं तेव्हापासूनची आहेत आणि ती फक्त हुकूमशहांच्याच हाती असतात असं नाही.

आज आंबेडकरी कार्यकर्त्याने तसाच अर्ज करायचं ठरवलं तर काय होतं? जगभरच्या दलित संघटनांचं जाळं असलेल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा मिळावा म्हणून अर्ज केला. हा दर्जा असला की परिषदेत बोलता येतं. अर्ज पंधरा वर्षं लोंबकळत ठेवला गेला. संस्थेला एकामागून एक प्रश्न विचारण्यात आले, उत्तर आलं की पुढचा प्रश्न, आणि विचारणारा देश होता भारत. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये आर्थिक आणि सामाजिक परिषदेत मतदान होऊन तो दर्जा मिळाला. दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर डोकं टेकवणाऱ्या पुढाऱ्यांपैकी या पंधरा वर्षांत किती जणांनी दिल्लीला विचारलं की हे आपण कशासाठी करतोय? प्रत्येक पक्षाचे लोक त्यात येतात, कारण एवढ्या काळात दिल्लीत सरकारंही बदलली.

परदेशी जायचा हक्क हा जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सांगून ठेवलंय. जानेवारी २०१५ मध्ये ग्रीनपीसच्या प्रिया पिल्लै ब्रिटिश खासदारांसमोर मध्य प्रदेशातल्या कोळसा खाणीबद्दल बोलायला निघाल्या, त्यांना दिल्लीतच उतरवलं. दोन महिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. पण विमान तोवर गेलेलं असतं, सभा उरकलेली असते. अडवणाऱ्याला तेवढंच हवं असतं. कोर्टात हरायची त्याची तयारी असते.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दरवर्षी अशा सूडाच्या घटनांचा अहवाल काढतात. त्यात भारताचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आणि २०२६ ते २०२८ या काळासाठी आपण परत मानवी हक्क परिषदेवर निवडून गेलो आहोत. परिषदेच्या स्थापनेच्या ठरावातच लिहिलंय की सदस्य देशांनी मानवी हक्कांचा उच्च दर्जा राखायचा आणि परिषदेला पूर्ण सहकार्य करायचं. त्या खुर्चीवर बसायचं असेल तर तीन कामं आधी करावीत. विमानतळावर कोणालाही थांबवायचं असेल तर कारण तिथल्या तिथे लेखी द्यावं आणि त्यावर दोन दिवसांत न्यायाधीशासमोर दाद मागता यावी. संयुक्त राष्ट्रांना माहिती दिली, हे कारण देणगीच्या परवान्याच्या कुठल्याही फायलीत पुन्हा दिसू नये. आणि खुर्रम परवेज यांचा खटला रोजच्या रोज चालवावा: पुरावा असेल तर तो मांडावा, नसेल तर त्यांना घरी जाऊ द्यावं.