एन बटणाच्या निवृत्तीनिमित्त

श्रीमती एनताई,
मुक्काम मॅकबुकचा कळफलक, खालची ओळ, बी आणि एम यांच्या मधोमध.



चिंचपोकळीच्या गाळ्यांमध्ये डिझाइनवाल्यांचे लॅपटॉप सांभाळणारे आम्ही. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमचा निरोप समारंभ कुणी केलाच नाही. इथल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा निदान मोर्चे तरी निघाले! तुम्ही 2018 साली गुपचूप गेलात. त्या वर्षी मॅकबुक प्रोमध्ये टी-2 ही सुरक्षा-चिप आली आणि कंपनीने आपल्या सर्व्हरमधली नेटबूटची, म्हणजे मशीन नेटवर्कवरून उठवण्याची, सोयही काढून टाकली.

नव्या पोरांना तुमचं काम समजावून सांगावं लागतं. नेटवर्कची केबल लावायची, मशीन चालू करायचं, 'टंग' वाजलं की तुम्हाला दाबून धरायचं. पडद्यावर छोटा पृथ्वीगोल लुकलुकायचा. त्याच्या जागी सफरचंद आलं की समजायचं, सर्व्हर सापडला. आतल्या डिस्कवर काहीही कचरा असो, मशीन नेटवर्कवरून उठायचं. मग एकदाच नीट तयार केलेली इमेज त्यात ओतायची: सिस्टीम, देवनागरी फॉन्ट, प्रिंटर, सगळं जागच्या जागी. गणपतीआधी मंडळांचे अहवाल आणि बॅनर अंगावर आलेले असताना रांगेतले लॅपटॉप एका रात्रीत कोरे करकरीत व्हायचे. शेठना वाटायचं, आमच्या हातात जादू आहे. आम्हीही तो गैरसमज जपला.

अर्थात तुमचं वागणं अगदीच भोळं होतं. नेटवर्कवर कुणीही 'मीच सर्व्हर' म्हणालं की तुम्ही त्याच्यामागे निघालात. ओळखपत्र विचारायची पद्धत नाही. आताची चिप सही जुळल्याशिवाय सिस्टीमला उठू देत नाही. 2020 च्या बिग सरपासून तर सिस्टीमचा भागच सीलबंद, त्यामुळे इमेज ओतायचा धंदाही बसला. कुणाचा लॅपटॉप लोकलमध्ये मारला गेला आणि त्यावर कुलूप असेल, तर चोराला तो चालू करता येत नाही. हे चांगलंच आहे, नाही कोण म्हणतंय?

पण हल्ली आमच्याच गाळ्यातलं, आमच्याच पैशाचं मशीन उघडलं की ते आधी इंटरनेटवरून कंपनीला विचारतं: माझ्या सीरियल नंबरचा मालक कोण? संस्थेच्या नावावर नोंद असेल तर सगळं आपोआप उतरतं. साध्या दुकानातून बिल फाडून आणलेलं असेल, तर आयफोन त्याच्या पडद्यासमोर धरून नोंद करायची. शेजारचा प्रेसवाला हे बघून म्हणाला, "भाऊ, दृष्ट काढताय काय?" आणि मशीन पुरतंच झोपलं, तर दुसरा मॅक आणा, यूएसबी-सी केबल नेमक्या ठरलेल्या पोर्टला लावा, दहा जीबीहून मोठी फाइल उतरवा. तेवढ्यात रस्त्यावर चिंतामणी गणपतीच्या आगमनाचे ढोल सुरू झालेले असतात आणि बॅनरवाला दारात उभा असतो.

शेठ अजूनही सांगतात, "अरे, ते एन दाब ना!" आम्ही दाबतो. त्यांचं मन राखायला.

आपले,
केबल गुंडाळून ठेवलेले

ता. क. टी, डी, ऑप्शन ही तुमची सुरुवातीच्या ड्यूटीवरची भावंडंही 2020 नंतर मोकळी झाली. आता एकटं पॉवर बटण दाबून धरायचं, बाकी सगळं तेच बघतं. ज्या नव्या चिपमुळे हे झालं तिचं नाव एम-1. तुमच्या शेजारणीकडे जरा लक्ष ठेवा.