डाव मोडण्याआधी वाचावे

दिंडोरी तालुक्यात घरी डाव मांडायचा तर कॅलेंडर नव्हे, द्राक्षबाग बघावी. ऑक्टोबरच्या छाटणीत कोणी हाती लागत नाही, जानेवारी ते मार्च काढणी, एप्रिलात खरड छाटणी. उरतो पावसाळा, नाहीतर शेतीपंपाला रात्री लाइट मिळते तो आठवडा. लाइट येईपर्यंत मोटारीसाठी एकाला जागायचेच असते; मग सगळ्यांनीच जागावे.

सुरुवात चल्लस-आठने करावी. खर्च शून्य. शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाचची घरे आखावीत, चारी बाजूंच्या मधल्या घरात फुल्या माराव्यात. दोन चिंचोके फोडून चार फाका कराव्यात. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या तर आठ, आणि दोन्हीला पुन्हा दान. इथवर एकमत असते. एखादी फाक फरशीच्या सांध्यात तिरकी उभी राहिली की खरा खेळ सुरू. तिला हात लावू नये. ज्याला चार हवेत त्याला ती पांढरीच दिसते. त्याने गाल फरशीला टेकवून, मोबाइलची बॅटरी मारून पांढरेपणा सिद्ध करावा. समोरच्याने 'श्वास रोखून बोल, पडेल ती' एवढेच म्हणत राहावे. निकाल आजी देते. आजी स्वतः खेळत असेल तर निकाल आधीच लागलेला असतो.

दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही, हा नियम सुरुवातीला सांगून वाया घालवू नये. भाची आतल्या घराच्या तोंडाशी पोचली की सांगावा.

सापशिडीत वादाला जागा कमी, पण ज्ञान पाजळता येते. हा पट मूळचा आपला मोक्षपट, ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, हे सगळे नव्व्याण्णववरून खाली आलेल्या माणसालाच ऐकवावे.

व्यापारात बँक मोठ्या काकांकडे द्यावी. द्राक्षे भरून नेऊन पुन्हा तोंड न दाखवणारा व्यापारी ज्यांनी एकदा पाहिला, ते उधारीवर हॉटेल बांधू देत नाहीत. चेकचे तर नावच काढू नये. या खेळाची मूळ कल्पना लिझी मॅगी या अमेरिकन बाईची. जमीन मोजक्यांच्या हाती गेली की बाकीच्यांचे काय होते ते दाखवायला तिने १९०४ साली पेटंट घेतले. आमच्याकडे त्यासाठी पट लागत नाही, बांधावर जाऊन उभे राहिले तरी पुरते. फक्त दोन चुलतभावांत मुंबईचा सौदा होत असेल तर मध्ये कोणी 'सात-बारा बघून घ्या' म्हणू नये. एकदा म्हटले की त्या रात्री डाव पुढे सरकत नाही.

सुट्टीला पुण्याहून आलेला भाचा कॅटन आणतो. हा १९९५चा जर्मन खेळ. नियम समजावण्यात अर्धा तास जातो, तेवढ्यात शेंगा भाजून होतात. मग मेंढी देऊन वीट घ्यायची, लाकूड देऊन धान्य, असे सौदे सुरू होतात. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट विकणाऱ्या आत्याशी भाच्याने सौद्याला बसू नये. ती आधी मेंढी हलकी आहे म्हणते, मग विटेचा भाव उद्या वाढेल म्हणते, आणि भाच्याच्या दोन मेंढ्या घेऊन वर चहा त्यालाच करायला लावते.

बुद्धिबळाला दोन माणसे लागतात, हे नाशिकच्या विदित गुजराथीपुरते ठीक. तो २०१३ साली ग्रँडमास्टर झाला. मागे उभे राहून 'अरे उंट काढ, उंट' म्हणणारे मामा त्याला नसावेत. घरच्या डावाला निदान चार बघे हवेत, त्यातला एक तरी घोड्याची चाल न येणारा. तोच सगळ्यांत जास्त सुचवतो.

लाइट आल्याचे हरणाऱ्यालाच आधी कळते. त्याला मोटार चालू करायला जाऊ द्यावे, पण आधी पटाचा फोटो काढून घ्यावा. म्हणजे कोणाची सोंगटी कुठे होती, हा विषय सकाळच्या चहाला शाबूत राहतो.