तीन टॅलेंटचा माणूस

मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. आकडा आला 23.0, म्हणजे रांगेतले आम्ही सगळे ज्यासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो नेमका तो. पण बॅगेच्या मालकांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी खिशातून चौकटीची वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि जाहीर केलं, "त्रेपन्न मिना, छत्तीस द्राख्मे!"

मुलीनं विचारलं, "सर, काही फ्रॅजाइल आहे का?"

"हेच," मागून काकू म्हणाल्या.

अथेन्सला उतरेपर्यंत टूरमधल्या पोरांनी त्यांचं नाव द्राख्मेकाका ठेवलं होतं. ते इतकं चपखल बसलं, की रत्नागिरीजवळ द्राख्मे नावाचं एखादं गाव असणार असं वाटावं. काकांची ना नव्हती. उलट पहिल्याच दिवशी बसमध्ये गाइडच्या हातचा माइक घेऊन त्यांनी आमची शिकवणी घेतली. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, शंभर द्राख्म्यांची एक मिना, साठ मिनांचा एक टॅलेंट. अथेन्सचा द्राख्मा 4.31 ग्रॅमचा, पुढचं ज्याचं त्यानं करावं. "ओबोल म्हणजे मुळात लोखंडी सळई. अशा सहा सळया एका मुठीत मावायच्या, म्हणून द्राख्मा. द्राख्मा म्हणजे मूठ!" असं म्हणून त्यांनी मूठ वर केली. पलीकडच्या फुटपाथवरून मोर्चा चालला होता, त्यातल्या दोघांनी उलट मूठ दाखवली.

त्यानंतर आमच्या वाट्याला एकही गोष्ट नुसती म्हणून आली नाही. नाश्त्याचं अंडं साडेअकरा द्राख्म्यांचं, डोकेदुखीची गोळी पाऊण ओबोलाच्या आतबाहेर. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर काका स्वतः चढले आणि आनंदानं ओरडले, "तीन टॅलेंट! बरोब्बर!"

"पन्नास वर्षं संसार केला," काकू म्हणाल्या, "मला एकही सापडलं नाही."

आम्ही हसलो खरे. पण हसायचा आम्हाला तसा काही अधिकार नव्हता. आम्ही कॉफीच्या किमतीचे रुपये करून कप खाली ठेवत होतो. प्रवासात प्रत्येकजण कसलं ना कसलं रूपांतर करतच असतो. काकांचं इतकंच, की त्यांच्या रूपांतराला गिऱ्हाईक नव्हतं. कुठलीही वस्तू जड की हलकी, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता यायचं नाही. काकूंची बॅग जिन्यावरून चढवायची वेळ आली की ते वही काढत, आणि वही होईपर्यंत बॅग कोणीतरी वर नेलेली असे.

या व्याधीचं मूळ त्यांनीच एका रात्री सांगितलं. वडील वैद्य. चूर्ण तोलायला घरी राणीछाप रुपया, कारण तो रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. "रुपयाभर सुंठ घ्या" म्हटलं की पारड्यात खरोखरचा रुपया पडायचा. 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, काही वर्षांत ती दुकानादुकानांत पोचली, आणि वडिलांनी भिंतीवर तोळा-मासा-गुंजांचं ग्रॅममध्ये कोष्टक लावलं. ते बघत पोरगं जेवायचं. "नाण्यानं वजन करायचं, यात ग्रीकांचं विशेष काय?" काका म्हणाले. "आणि दाम हा आपला शब्द कुठून आला? द्रम्म, द्राख्मा! भडोचच्या बंदरात ग्रीक राजांचे जुने द्राख्मे चालायचे." हे सगळं खरं आहे. काकांची पंचाईत हीच, की त्यांचं बहुतेक सगळं खरं असतं.

त्यांची खरी परीक्षा झाली ती अगोराच्या संग्रहालयात. तिथल्या एका काचपेटीत इसवी सनापूर्वी 500 च्या सुमाराची तीन पितळी दिसणारी, पण ब्राँझची सरकारी वजनं आहेत. सगळ्यात मोठ्यावर, म्हणजे स्टॅटरवर सोंगटीसारखं हाड, पाव स्टॅटरवर ढाल, सहाव्या हिश्श्यावर कासव. आणि ही अथेन्सकरांची सार्वजनिक मालमत्ता आहे, असा तिन्हींवर मजकूर. काका काचेला नाक लावून उभे राहिले. वही निघाली. मोठं वजन 795 ग्रॅम, ढालीचं 190, कासवाचं 126.

"चार पाव म्हणजे 760," काका पुटपुटले. "सहा कासवं म्हणजे 756. आणि पूर्ण स्टॅटर 795?" त्यांनी पुन्हा गुणलं. पुन्हा तेच. शिवाय स्टॅटर दोन मिनांचा, म्हणजे वहीप्रमाणे 862 हवा होता. "अहो, सरकारी वजन आहे हे!" ते रखवालदारिणीला मराठीतच म्हणाले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वाण्यानं आपल्याला पाव किलो डाळीत गंडवलं, असा चेहरा झाला होता.

गाइडनं त्यात तेल ओतलं. पुढं अथेन्सनंच ठराव केला होता, म्हणे, की बाजारातली मिना 138 द्राख्म्यांची धरावी, आणि गिऱ्हाइकाला वर 12 द्राख्मे झुकतं माप द्यावं.

"कायद्यानं?" काकूंनी विचारलं. कोथिंबिरीची काडी वर मागताना आयुष्यभर ऐकून घेतलेल्या बाईचा तो प्रश्न होता. काका मात्र बाकावर बसले. शंभराच्या मिनेवर त्यांनी अर्धी वही भरली होती.

उतारा म्हणून गाइडनं अरिस्टोफेनिसच्या ‘गांधीलमाश्या’ नाटकातली गंमत सांगितली. लोक तेव्हा सुट्टे ओबोल तोंडात ठेवत. एका म्हाताऱ्याला कोणीतरी ओबोल म्हणून माशाचे तीन खवले दिले आणि त्यानं ते तोंडात टाकले. सगळे हसले. काकांनी विचारलं, "खवल्याचं वजन किती असेल?"

शेवटच्या दिवशी पायरियसहून बोटीनं आम्ही एजिना बेटावर गेलो. बंदरावरच पिस्त्यांच्या टपऱ्या. एजिनाचे पिस्ते नावाजलेले. काका पुढं झाले, बोट वर केलं आणि तसंच थांबले. एजिनाची नाणी वेगळी, कासवछाप. इथला द्राख्मा सहा ग्रॅमच्या वर. म्हणजे इथली मिना अथेन्सच्या दीडपटीच्या जवळ. एक मिना पिस्ते मागायचे, तर कुठली मिना? वही निघाली.

तोवर काकूंनी हातानंच खूण करून अर्धा किलो तोलून घेतला, पैसे दिले, आणि पिशवी पुढं धरून अजून थोडे घाला असं डोळ्यांनीच सुचवलं. टपरीवालीनं हसत मूठभर पिस्ते वर टाकले. काकूंनी ते तसेच उचलून काकांच्या तळहातावर ठेवले. "हा घ्या तुमचा द्राख्मा."

काकांनी हात वरखाली करून पाहिला.

"तीस ग्रॅम," ते म्हणाले. "म्हणजे सात." मग टपरीवरच्या कासवाच्या चित्राकडे त्यांची नजर गेली. "नाही, नाही. इथले पाच."