बसका आवाज

आमच्या सोसायटीने यंदा कोजागरीसाठी चाकांचा पोर्टेबल स्पीकर घेतला. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग तो ठेवायचा कुठे यावर कार्यकारिणी बसली. सेक्रेटरी म्हणाले, "चाकं दिलीत, त्या अर्थी जमिनीवर ठेवायचाय." यावर कोण काय बोलणार? स्पीकर गच्चीच्या फरशीवर, दुधाच्या पातेल्याशेजारी विराजमान झाला.

सी विंगच्या वहिनींनी भावगीत सुरू केलं. पहिल्या रांगेतली पोरं कानात बोटं घालून बसली आणि शेवटच्या रांगेत नुसतं धप-धप पोचलं. "आवाज वाढवा!" अशी मागणी झाली. आवाज वाढवला. आता शेवटच्या रांगेत मोठ्याने धप-धप ऐकू येऊ लागलं.

तेव्हा बी विंगच्या आजी म्हणाल्या, "अहो, मला त्या डब्याचं तोंडच दिसत नाही. तो काय बोलतोय ते कळणार कसं?"

सगळे हसले. हसायला नको होतं, कारण ध्वनिशास्त्राचं सार आजींनी एका दमात सांगितलं होतं. खर्जाचा आवाज आडदांड असतो, माणसांना वळसा घालून तो मागे पोचतोच. बारीक आवाज मात्र नाकासमोर चालणारा, वाटेत कोणाची पाठ आली की तिथेच अडतो. आणि स, श, त, क ही अक्षरं ओळखू येतात ती या बारीक आवाजाच्या जिवावर. तो निघतो वरच्या छोट्या ट्वीटरमधून. खुर्चीत बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण 4 फुटांवर असतात आणि आमचा ट्वीटर होता जेमतेम दोन फुटांवर. म्हणजे वहिनी तासभर पहिल्या रांगेच्या गुडघ्यांना भावगीत ऐकवत होत्या.

त्यात मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून 2 मीटरवरची रांग आणि 16 मीटरवरची रांग यांच्यात 18 डेसिबलची दरी पडते. नुसतं बटण पिळून ती बुजत नाही. पुढचे बहिरे होतात, इतकंच. स्पीकर डोक्यांच्या वर नेऊन तोंड किंचित मागच्या रांगांकडे झुकवलं, तर पुढच्यांच्या कानांवरचा मारा कमी होतो आणि मागच्यांना शब्द कळतात.

मग प्रयोग सुरू झाले. स्पीकर प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला. दोन खुर्च्या एकात एक घालून त्यांच्यावर ठेवला, तेव्हा ढोलकी सुरू होताच तो खुर्च्यांसकट नाचत कठड्याकडे निघाला. शेवटी त्याला पाण्याच्या टाकीवर बसवलं. तिथून आवाज इतका स्वच्छ गेला, की आमच्या थकबाकीदारांची यादी शेजारच्या सोसायटीला पाठ झाली. आमच्या गच्चीवर मात्र शांतता. शेजारून फोन आला, की रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि 2000 सालच्या नियमांप्रमाणे दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद करावा लागतो. दहाला पंधरा मिनिटं होती. स्पीकर खाली उतरला.

एवढ्यात एका पोराला स्पीकरच्या बुडाशी गोल भोक सापडलं. खजिनदारांच्या मते ते पावसाचं पाणी निघून जायला होतं. पोराने खोक्यावरचं चित्र दाखवलं: त्या भोकात स्टँडचा दांडा जातो. तीन पायांचा, हवा तेवढा उंच होणारा स्टँड स्पीकरबरोबर फुकट आला होता. तो कुठे गेला? सेक्रेटरींनी खुलासा केला, की सोसायटीची मालमत्ता सुरक्षित राहावी म्हणून तो त्यांच्या बाल्कनीत आहे. आम्ही वाकून पाहिलं. दिवाळी दोन आठवड्यांवर असताना त्याच्यावर त्यांचा आकाशकंदील लटकत होता. "दिवाळी झाली की देतो," ते म्हणाले.

मग ते माईक घेऊन थेट स्पीकरसमोर उभे राहिले. स्पीकरने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. दोन पावलं बाजूला सरकून त्यांनी निवेदन केलं. पहिल्या रांगेत कार्यकारिणी होती, तिला सगळं माहीतच होतं. मागे आमच्यापर्यंत आलं ते "आ... ए... ई... वा..." एवढंच. दूध आटलं असावं, या समजुतीने आम्ही कडकडून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर इतिवृत्त लागलं: "मासिक देखभाल शुल्कात 300 रुपयांची वाढ टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर."

स्पीकरची सध्याची उंची योग्य असल्याचंही त्यात नमूद आहे.

तेव्हा वाचकहो, सोसायटीची सभा असो की मैदानावरची, खुर्चीत टेकल्यावर आधी आजींची कसोटी लावा. स्पीकरचं तोंड दिसतंय का बघा. दिसत नसेल, तर हात मांडीवरच ठेवा.